बेळगावहून अंदमान : आई-बाबांना घेऊन जायचंय, कसं जावं आणि बेटांवर कसं फिरावं?

हिंडलगेकर | १४ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी अंदमानला जायचा विचार आहे. आम्ही चौघं : बाबा ७४, आई ६८, मी आणि बायको.

बाबांची ही फार जुनी इच्छा. आमचं घर हिंडलग्यात, जेलच्या रस्त्याला. १९५० साली सावरकरांना हिंडलग्याच्या कारागृहात स्थानबद्ध ठेवलं होतं, एप्रिलपासून जुलैपर्यंत. आजोबा ती गोष्ट सांगायचे आणि बाबा ती ऐकतच मोठे झाले. "इथलं जेल रोज बघतो, तिथलं एकदा डोळ्यांनी बघायचंय," हे त्यांचं वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आईला जेलचं एवढं नाही, तिला समुद्र बघायचाय. गोव्याच्या पुढे ती कधी गेलेली नाही. गुडघे दुखतात, एक जिना चढली की बसावं लागतं.

गावातल्या एका एजंटनं पाच रात्रींचा कार्यक्रम दिलाय. पहिल्या दिवशी पोचून संध्याकाळी सेल्युलर जेल. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला उठून बाराटांग बेट. तिसऱ्या दिवशी सकाळच्या जहाजानं हॅवलॉक, चौथ्या दिवशी नील, पाचव्या दिवशी परत येऊन रॉस आणि नॉर्थ बे, सहाव्या दिवशी सकाळी विमान. कागदावर बघताना छान वाटतं, पण आईकडे बघितलं की धाकधूक होते. बेळगावहून सोयीचं कसं पडेल, जहाज लागतं का, बाराटांग आईला झेपेल का, हे कुणी जाऊन आलेल्यांनी सांगा.

अनगोळकर | १४ ऑक्टोबर

दादा, आम्ही फेब्रुवारीत जाऊन आलो. आधी वाटेचं सांगतो, कारण आमची चूक तिथंच झाली.

बेळगावहून पोर्ट ब्लेअरला थेट विमान नाही. चेन्नई, कोलकाता, बेंगळूर, हैदराबाद, दिल्ली इथून जावं लागतं. आपल्याला बेंगळूर बरं. तिथून अडीच-पावणेतीन तासांत उतरता. पण पोर्ट ब्लेअरची विमानं बहुतेक सकाळी नाहीतर दुपारी असतात. म्हणजे सकाळी सांबऱ्याच्या विमानतळावरून निघून बेंगळुरात दुसरं विमान पकडायचं म्हटलं तर वेळ फार थोडा उरतो. आम्ही दोन वेगवेगळी तिकिटं काढली होती. पहिलं विमान दीड तास उशिरा सुटलं, बेंगळुरात सामान पट्ट्यावर यायला वेळ गेला, आणि धावत काउंटरवर पोचलो तेव्हा तो बंद झाला होता. तिकिटं वेगळी, त्यामुळे कुणीच जबाबदारी घेतली नाही. चौघांचे पैसे गेले. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असतील तर पुढची व्यवस्था विमान कंपनीला करावी लागते, सामानही थेट पुढे जातं.

नाहीतर सरळ आदल्या दिवशी बेंगळुरात जाऊन राहा. राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसनं गेलात तर सकाळी उतरता, दिवसभर काय करायचं हा प्रश्न पडतो. वृद्ध माणसांना वंदे भारत बरी, पहाटे बेळगाव सोडते आणि दुपारी बेंगळूर. मुक्काम शहरात करू नका, देवनहळ्ळीच्या बाजूला विमानतळाजवळ करा. शहरातल्या स्टेशनापासून विमानतळ पस्तीसेक किलोमीटर आहे आणि सकाळी त्या रस्त्याचा भरवसा नाही. तिकीट काढतानाच आईसाठी व्हीलचेअर मागून ठेवा. त्याचे वेगळे पैसे नसतात आणि संकोच करायचं काहीच कारण नाही.

निपाणीकर | १५ ऑक्टोबर

चेन्नईहून बोटीनं जाता येतं असं ऐकलंय. स्वस्त पडेल का? आणि लक्षद्वीप जवळ पडत नाही का आपल्याला?

खानापूरचा फौजी | १५ ऑक्टोबर

निपाणीकर, बोट आहे. चेन्नई, कोलकाता, विशाखापट्टणम या तिन्ही बंदरांतून सरकारी प्रवासी जहाजं सुटतात. चेन्नईहून साधारण तीन दिवस लागतात, वारा-पाऊस असेल तर जास्त. तारखा फार आधी कळत नाहीत. तरुण असाल, हाताशी सुट्टी असेल, तर एकदा करण्यासारखा प्रवास आहे. आई-बाबांना घेऊन नको.

लक्षद्वीप नकाशावर जवळ दिसतं, पण तिथं जायला परवाना काढावा लागतो आणि वाट बहुतेक कोचीवरून. अंदमानला आपल्याला परवाना लागत नाही, फक्त निकोबार आणि आदिवासींच्या राखीव भागात जाता येत नाही.

आता हिंडलगेकर, तुमच्या कार्यक्रमाबद्दल. नोकरीत दोन वर्षं मी पोर्ट ब्लेअरला होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट सूर्याची. अंदमान बेळगावच्या अठरा अंश पूर्वेला आहे, पण घड्याळ दोन्हीकडे एकच. म्हणजे तिथं सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास आधी उगवतो आणि आधीच बुडतो. जानेवारीच्या शेवटी साडेपाचच्या आत सूर्यास्त. आपल्याकडं साडेपाचला माणसं फिरायला बाहेर पडतात, तिथं तोवर अंधारून आलेलं असतं. एजंटनं लिहिलेलं "संध्याकाळी सेल्युलर जेल" हे म्हणूनच फसवं आहे. दुपारी उतरून, जेवून, खोलीवर अंग टाकून निघालात तर जेल बंद व्हायला तासभर उरलेला असतो. तिथली सगळी कामं सकाळी करायची. पाचला उठायचं, सहाला बाहेर, दुपारी आराम.

दुसरी गोष्ट समुद्राची. तिथं सगळ्या बेटांची ये-जा जहाजावर आहे आणि जहाज वाऱ्यावर आहे. डिसेंबर ते एप्रिल हवा चांगली असते, तरी बंगालच्या उपसागरात कुठं कमी दाबाचा पट्टा तयार झाला की बंदरावरून सूचना येते आणि त्या दिवसाची जहाजं रद्द. त्यात कुणाची चूक नसते. चूक होते ती आपल्या आखणीत. पाचव्या दिवशी नीलहून परत आणि सहाव्या दिवशी सकाळी विमान असा बेत म्हणजे एका दिवसाच्या वाऱ्यावर सगळं टांगून ठेवणं. परतीच्या आधी पोर्ट ब्लेअरमध्ये एक पूर्ण दिवस मोकळा हवा. त्या दिवसाला नाव देऊ नका, तिकीट काढू नका. जहाज वेळेत आलं तर रॉस बघा, नाही आलं तर तोच दिवस तुम्हाला वाचवतो.

एजंट हे सांगणार नाही, कारण जास्तीचा दिवस म्हटलं की गिऱ्हाईक बिचकतं. मी सांगालोय ते मनावर घ्या. सात रात्री करा. सात जमत नसतील तर एक बेट कमी करा, पण मोकळा दिवस सोडू नका.

शहापूरची वहिनी | १५ ऑक्टोबर

फौजीकाकांशी शंभर टक्के सहमत. मी जहाजांचं लिहिते.

सरकारी जहाजं फिनिक्स बे जेट्टीवरून सुटतात, स्वस्त आहेत, पण तिकिटं स्थानिक लोकांना लागतात आणि पटकन संपतात. खासगी जहाजं हॅडो जेट्टीवरून. मॅक्रुझ, नॉटिका, ग्रीन ओशन ही नावं ऐकाल. हॅवलॉकला दीड ते दोन-अडीच तास, हॅवलॉकहून नील तासाभराच्या आत-बाहेर. बरीचशी वेगवान जहाजं बंद आणि वातानुकूलित असतात, बाहेर उभं राहता येत नाही. ग्रीन ओशनच्या जहाजाला उघडा डेक आहे, पण ते जरा सावकाश जातं. ज्यांना बंद जागेत मळमळतं त्यांना सावकाश गेलेलं परवडतं, वारा तरी लागतो. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, नुसता मोबाइलमधला फोटो काढून दाखवायची वेळ आणू नका. सुटायच्या तासभर आधी पोचा, विमानतळासारखी तपासणी असते.

जहाज लागायचं म्हणाल तर सासूबाईंना चोर्ला घाटातसुद्धा उलट्या होतात, तरी त्यांचा हॅवलॉकचा प्रवास सुखाचा झाला. डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीच गोळी आणून ठेवली होती, ती निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी दिली. जहाज डोलायला लागल्यावर गोळी घेऊन उपयोग नसतो. बसायला मधल्या रांगेतली खालची जागा घ्या, पुढच्या टोकाला हिसके जास्त बसतात. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. आम्ही दोन इडल्या खाऊन निघालो, आणि गणपत गल्लीतून नेलेल्या आलेपाकाच्या वड्या तोंडात धरल्या. खाली मोबाइलमध्ये बघू द्यायचं नाही, लांब क्षितिजाकडं बघायला सांगायचं.

हिंडलगेकर | १६ ऑक्टोबर

खूप खूप आभार. बाबांनी फौजीकाकांचं दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "सात रात्री कर." रजेचं बघतो.

आता बाराटांगबद्दल सांगा. एजंट म्हणतो तेच खरं आकर्षण आहे, चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी. आणि वाटेत "जारवा दिसतील" असं तो दोनदा म्हणाला. ते मला खटकलं.

नंदगडचे मास्तर | १६ ऑक्टोबर

खटकलं ते बरोबरच खटकलं.

जारवा ही त्या बेटांवरची मूळ माणसं. अंदमान ट्रंक रोड त्यांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या ठरलेल्या वेळी एकत्र सोडतात, पुढं-मागं पोलीस असतात. वाटेत थांबायला, फोटो काढायला, खायला काही द्यायला सक्त मनाई आहे. १९५६ चा आदिवासी संरक्षणाचा नियम आहे, मोडला तर तुरुंगवासाची शिक्षा आहे. हे नियम त्यांच्या जिवासाठी आहेत. बाहेरचा साधा गोवरसुद्धा त्यांच्यात साथ पसरवू शकतो. जो एजंट माणसांना बघायची वस्तू म्हणून विकतो, त्याच्याकडून मी तरी काही घेणार नाही.

राहिलं आईंचं झेपणं. पहाटे तीन-साडेतीनला निघायचं, एका बाजूनं शंभरेक किलोमीटर, मग गाड्यांसह बोटीतून खाडी पार, मग छोट्या बोटीतून खारफुटीतली वाट, मग दीडेक किलोमीटर पायी, आणि तेवढंच परत. खारफुटीतला तो अर्धा तास सुंदर आहे हे मान्य. दोन्ही बाजूंनी फांद्या डोक्यावर येतात आणि बोट हिरव्या बोगद्यातून चालल्यागत वाटतं. पण गुडघे दुखणाऱ्या माउलीला त्यासाठी चौदा तास ताटकळवू नका.

कॅम्पातला राजू | १६ ऑक्टोबर

मास्तर, तुमचा मान राखून सांगतो, मला बाराटांगच सगळ्यात आवडलं होतं. राखीव जंगलात आमच्या चालकानं काचा वर घ्यायला लावल्या, कॅमेरे पिशवीत ठेवायला लावले, आणि आम्ही सगळ्यांनी ते पाळलं. गुहेत टॉर्चच्या उजेडात छतावरून टपकणारं पाणी बघितलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. नीट वागून जाता येतं, एवढंच म्हणायचंय. वयस्कर माणसांना नको हे मात्र खरं.

नंदगडचे मास्तर | १६ ऑक्टोबर

राजू, तुम्ही नियम पाळलात याचा आनंद आहे. माझं म्हणणं त्या रस्त्यावरच्या गर्दीबद्दल आहे. गाडीतला प्रत्येक जण नीट वागला तरी रोज त्यांच्या घरातून शेकडो गाड्या जातातच. मी म्हणून गेलो नाही. ज्यानं त्यानं आपापलं ठरवावं.

हिंडलगेकर, जेलबद्दल दोन गोष्टी. एक, बाबांना सकाळी दरवाजा उघडताच न्या, आणि अंधार पडल्यावरचा प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी ठेवा. एकाच दिवशी दोन्ही केलं तर थकवा येतो. दोन, मधल्या मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर राजबंद्यांची नावं प्रांतवार कोरली आहेत. आपली माणसं सावरकरांची कोठडी बघून उतरतात. पण बंगाल आणि पंजाबच्या पाट्यांपुढं जरूर उभं राहा. उल्लासकर दत्त छळानं भ्रमिष्ट झाले. इंदुभूषण रॉय यांनी १९१२ साली कोठडीत गळफास घेतला. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंह, मोहित मोइत्रा आणि मोहन किशोर नामदास गेले. आमच्या नंदगडात इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना १८३१ साली फाशी दिलं, त्या जागी दुसऱ्या प्रांताचा माणूस येऊन हात जोडतो तेव्हा मला काय वाटतं हे मला माहीत आहे. म्हणून सांगतोय.

संकेश्वरी मिरची | १७ ऑक्टोबर

खाण्याचं कुणी बोललं नाही! पोर्ट ब्लेअरमध्ये काळजी नको. तमिळ, तेलुगू, बंगाली सगळी वस्ती आहे, इडली-डोसा कोपऱ्याकोपऱ्यावर. अबर्डीन बाजारात शाकाहारी थाळी मिळते. हॅवलॉक-नीलवर बंगाली घरगुती जेवण चांगलं, भात, डाळ, भाजी, मासे. पण आपल्या जिभेला सपक लागतं. चटणीची पुडी आणि भाकरीऐवजी खाकरे न्या. हिंदी सगळ्यांना येते.

पैसे रोख ठेवा. बेटांवर एटीएम मोजकीच आहेत, आणि नेट गेलं की स्कॅनरही बंद. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, तेव्हापासून फोन पुष्कळ बरा झालाय, तरी गावातल्यासारखं समजू नका.

आणि नावांचा गोंधळ होऊ देऊ नका. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, ही नावं २०१८ पासूनची. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम. तिकिटावर एक नाव, हॉटेलच्या कागदावर दुसरं, रिक्षावाल्याच्या तोंडी जुनंच. माझ्या मावशीला जेट्टीवर वाटलं आपण चुकीच्या जहाजाच्या रांगेत आहोत, बिचारी घाबरून रडायलाच आली.

हिंडलगेकर | २ नोव्हेंबर

ठरलं. एजंट सोडला, सगळं स्वतः आखलं. वंदे भारतनं बेंगळूर, रात्री विमानतळाजवळ मुक्काम, सकाळचं विमान. दोन रात्री पोर्ट ब्लेअर, तीन हॅवलॉक, एक नील, शेवटच्या दोन रात्री पुन्हा पोर्ट ब्लेअर आणि त्यांच्या मधला एक दिवस मोकळा, म्हणजे एकूण आठ रात्री झाल्या. बाराटांग नाही. आईनं यादी बघितली आणि म्हणाली, "एवढंच? मग नीट बघून होईल."

हिंडलगेकर | ११ फेब्रुवारी

मंडळी, आम्ही परत आलो. इथं विचारून गेलो होतो, तर काय झालं ते सांगणं माझं कामच आहे.

आधी मोकळ्या दिवसाचं. नीलवर उतरलो त्या संध्याकाळी वारा सुटला. रात्रभर नारळाची झावळं पत्र्यावर आपटत होती. सकाळी जेट्टीवर गेलो तर आमचं जहाज रद्द. शंभर-दीडशे माणसं सामानावर बसलेली. एक नवं जोडपं होतं, त्यांचं दुसऱ्या दिवशी सकाळी सातचं विमान. ती मुलगी फोनवर रडत होती. आम्ही चौघं परत फिरलो, हॉटेलवाल्यानं तीच खोली दिली, आईनं दुपारी झोप काढली. दुसऱ्या दिवशी समुद्र निवळला आणि सरकारी जहाजात जागा मिळाली. रॉस बघायचं राहिलं. विमान मात्र चुकलं नाही. जहाजात बाबा मला म्हणाले, "त्या फौजींना माझा नमस्कार लिही." काका, तो इथं पोचवतोय.

अडकलेल्या त्या दिवसाचा फायदाही झाला. नीलचा तो दगडी नैसर्गिक पूल फक्त ओहोटीला गाठता येतो, आणि आदल्या दिवशी वेळ जमली नव्हती. पौर्णिमा जवळ आल्यामुळे ओहोटी मोठी होती. हॉटेलातल्या मुलानं वेळ सांगितली, मी आणि बायको गेलो. पाणी मागं सरून खडकांतली डबकी उघडी पडली होती. एका डबक्यात काळा समुद्रकाकडीसारखा प्राणी, दुसऱ्यात बोटाएवढे निळे मासे. खडक निसरडे आहेत, मागं पट्टा असलेली चप्पलच घाला. आईला तिथं न्यायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. ती भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या बोटीत बसली, तिला पोवळी तशी दिसली.

हॅवलॉकला तीन रात्री राहिलो हे फार बरं झालं. राधानगरचा किनारा एका संध्याकाळी बघून माणसं पळतात. आम्ही तिन्ही दिवस तिथंच गेलो, दोनदा अगदी सकाळी. मागं उंच समुद्री महुव्याची झाडं, पुढं पांढरी बारीक वाळू, आणि सकाळी सातला माणूस नाही. वाळूवर बारीक खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्या करून भोकाभोवती पसरलेल्या असतात, गोल गोल, नक्षीसारख्या. आई वाकून बघत राहिली. म्हणाली, "अगो, ठिपक्यांची रांगोळी घातलीय बघ." पाऊल पडून ती मोडू नये म्हणून ती वळसा घालून पाण्याकडं गेली. मग पदर खोचून घोट्याएवढ्या पाण्यात अर्धा तास उभी. गुडघ्याचं नाव नाही. पोहायला जाणाऱ्यांनी मात्र पाट्या आणि जीवरक्षकांचं ऐका. त्या बेटांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि जिथं मनाई लिहिली आहे तिथं खरोखर उतरायचं नाही.

आईनं पदरात शिंपले गोळा केले होते. तिथंच ठेवायला लावले. पोवळी आणि शिंपले नेता येत नाहीत, विमानतळावर सामान तपासतात. तिनं ते एकेक करून परत वाळूवर मांडले.

आता बाबांचं जेल. मास्तर, तुमच्या सांगण्याप्रमाणे सकाळी दार उघडताच गेलो. पूर्वी सात फाटे होते, आता तीन उरलेत. फाटे असे बांधलेत की एकाची पुढची बाजू दुसऱ्याच्या पाठीकडं येते. कोठडीतल्या माणसाला समोर दुसरा माणूस दिसूच नये म्हणून. बाबाराव सावरकरही त्याच जेलमध्ये होते, आणि दोघा भावांना कितीतरी दिवस ते ठाऊक नव्हतं. वाचलेलं होतं, पण त्या भिंतीकडं बघून ते समजलं.

सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला. बाबा प्रत्येक वळणावर थांबत, कठड्याला धरून चढले. वर गेल्यावर आत लगेच शिरले नाहीत. दाराची कडी बघत बसले. कडी दारावर नाहीच, ती बाहेरच्या भिंतीत खोलवर एका खाचेत जाऊन बसते, दारापासून हातभर लांब. बाबांनी आत जाऊन गजांतून हात बाहेर काढला आणि कडीपर्यंत पोचतो का बघितलं. खांद्यापर्यंत हात बाहेर काढूनही बोटं वीतभर अलीकडंच राहिली. तसेच थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "हिंडलग्याला शंभर दिवस. इथं दहा वर्षं." १९११ ते १९२१, मी मनात मोजलं. खाली उतरल्यावर कोलू बघितला, रोज तीस पौंड तेल काढायला लावत तो. तिथं ते काहीच बोलले नाहीत. मनोऱ्यातल्या पाट्या मात्र एकेक वाचल्या, बंगालच्या, पंजाबच्या, बोटानं अक्षरांवरून फिरत. तासभर गेला. एजंटच्या कार्यक्रमात या तासाला जागाच नव्हती.

शहापूरची वहिनी | ११ फेब्रुवारी

आईंचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आलेपाक नेला होता का?

हिंडलगेकर | ११ फेब्रुवारी

नेला होता वहिनी. परतीच्या जहाजात समुद्र थोडा उरलासुरला खवळलेला होता, तेव्हा आईनं शेजारच्या दोन बंगाली बायकांनाही वाटला. गोळी डॉक्टरांनी लिहून दिली होती, कुणालाच त्रास झाला नाही. बायकोनं नको म्हटलं होतं, तिला एकटीला मळमळलं.

खानापूरचा फौजी | १२ फेब्रुवारी

बाबांचा नमस्कार पोचला. त्यांना माझा सांगा. हिंडलग्याला आलो की घरी येईन.

चिकोडीची लेक | १९ फेब्रुवारी

सगळा धागा आज बसून वाचला. माझे अप्पा ८१ वर्षांचे आहेत, काठी घेऊन सपाटीवर चालतात, जिना मुळीच नाही. मार्चमध्ये न्यायचा विचार आहे. त्यांना वरची कोठडी बघता आली नाही तर नेण्यात अर्थ आहे का?

हिंडलगेकर | १९ फेब्रुवारी

ताई, जरूर न्या. जिने खरंच अवघड आहेत, अप्पांना चढवू नका. पण तळमजल्यालाही ओळीनं कोठड्या आहेत, त्याच मापाच्या, तीच दारं. त्यातल्या काही उघड्या असतात, आत जाऊन बसता येतं. अंगणात सावलीला बाकडी आहेत, तिथं विसावा घेत घेत फिरता येतं. मार्चात ऊन तापतं, म्हणून सकाळी दार उघडतानाच पोचा, पाण्याची बाटली आणि टोपी न्या. वर तुम्ही एकट्या जा आणि कोठडीचा व्हिडिओ काढून आणा. अप्पांना खाली एका कोठडीत उभं करा आणि गजांतून हात बाहेर काढायला सांगा. खालची कडीही तेवढीच लांब आहे.